मागच्या भिंतीतले दार

सौदी वाळवंटातल्या उम्म सिद्र गावात प्रसूती व बालरुग्णालय बांधले गेले, तेव्हा दखीलने सर्वाधिक जीव ओतला तो त्याच्या दर्शनी दारात. रियाधच्या तांत्रिक विद्यालयातून बांधकाम शिकून आलेला हा गावचाच माणूस. सरकारी नकाशाबरहुकूम इमारत उभी करण्याचे काम त्याच्याकडे होते. दार उंच, हिरव्या रंगाचे, खजूरबाजाराच्या चौकात, कॉफीच्या बाकांच्या अगदी समोर. राज्यपाल आले, फीत कापली, भात-मटणाच्या परातींना न्याय दिला आणि परतले. त्यानंतर बाळंतपणासाठी म्हणून त्या दारातून एकही बाई आत आली नाही.

तापाने फणफणलेली मुले बाप खांद्यावर घालून आणत. प्रसूतीच्या दालनात मात्र पॅलेस्टिनी महिला डॉक्टर रबाब आणि त्यांच्या परिचारिका रोज खाटांवरची वाळू झटकत, दुसऱ्या दिवशी पुन्हा झटकण्यासाठी. बायका पूर्वीसारख्या घरीच बाळंत होत, आणि पूर्वीसारख्याच त्यांतल्या काही दगावत.

मग रियाधहून निरोप आला. रमजानच्या आधीचा शाबान महिना संपण्यापूर्वी तपासनीस येणार होते. दालन असेच ओस आढळले, तर डॉक्टर, परिचारिका आणि यंत्रे मोठ्या शहरात हलवली जाणार होती.

दखीलची बायको मुनीरा आठव्या महिन्यात होती. पहिल्या खेपेला मूल आडवे आले होते. ते गेले आणि तीही जाता जाता वाचली. या खेपेला शस्त्रक्रियेची सोय हाताशी हवी, असे रबाब यांनी त्याला स्पष्ट बजावले होते. शहर म्हणजे ट्रकने वाळूतून दिवसभराची वाट.

तपासायला चल, असे त्याने मुनीराला अनेकदा विनवले. ती दरवेळी काहीतरी कारण काढी. अखेर तो चिडला, तेव्हा नवऱ्याला हाक मारायच्या तिथल्या रीतीने हाक मारून ती बोलली.

"चुलत्याच्या लेका, त्या दारातून मी जायची नाही. बाकांवर बसलेले सगळे बघणार, कोणाच्या घरची आली, किती दिवस भरलेत."

"अंगभर अबाया असतो, तोंडावर पडदा असतो. कोण ओळखणार आहे तुला?"

"माझी चाल अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मी आत पोचायच्या आधी तुला चौकात विचारतील, बायकोला काय झालं म्हणून. इतकं मोठं दार तू बांधलंस कोणासाठी? राज्यपालांना बाळंत व्हायचं होतं का?"

दार दखीलच्या कष्टाचे होते आणि घाव वर्मी लागला होता.

दुसऱ्या दिवशी तो एका शेजाऱ्याच्या नव्या घराची आखणी करत होता. पाहुण्यांच्या बैठकीकडे पुढचे दार त्याने चुन्याने आखले, आणि न विचारता, न थांबता, त्याच हाताने मागच्या गल्लीकडे बायकांचे दारही आखले. मग तो तसाच उकिडवा बसून राहिला. आजवर त्याने गावात बांधलेल्या प्रत्येक घराला दोन दारे होती. जी इमारत केवळ बायकामुलांसाठी बांधली, तिलाच तेवढे एक. नकाशात दुसरे नव्हते, म्हणून त्यालाही सुचले नव्हते.

रुग्णालयाच्या पाठीमागे खजुरीच्या बागांमधून बायकांची पाणवठ्याची वाट जात होती. दार तिथेच हवे होते. पण सरकारी भिंत परवानगीवाचून फोडणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे, आणि परवानगी यायची तर शाबान उलटून गेला असता. त्याने रबाब यांना सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मग म्हणाल्या, "मी काही ऐकलं नाही. फक्त दारावरचं लिंटेल भक्कम टाक, खाली माझ्या बायका असतील."

त्याने आधी लोखंडी तुळई बसवली, मगच तिच्याखालच्या विटा काढल्या. गल्लीतून आतले दिसू नये म्हणून दारापुढे एक आडवी भिंत घातली. मुनीराने पाणवठ्यावर बातमी पोचवली आणि पहिल्यांदा आत गेली तीही तीच. पाठोपाठ तिच्या नणंदा आल्या, शेजारणी आल्या. आधी नुसत्या बघायला, मग तपासून घ्यायला, मग कळा सुरू झाल्यावर.

तपासनीस आले त्या सकाळी मुनीरा शस्त्रक्रियेच्या खोलीत होती. मूल पुन्हा आडवे आले होते. दखील बाहेर चौकात उभा होता. तपासनिसांनी दोनदा सलाम केला, तेव्हा कुठे त्याने उत्तर दिले. ते थेट दालनाकडे निघाले, पण परिचारिकेने दर्शनी दारातच त्यांना अडवले. आत बायका होत्या. परपुरुषाला पाऊल टाकता येणार नव्हते.

"मला रिकाम्या खाटा बघायच्या आहेत," तपासनीस म्हणाले.

"एकही नाही. तुम्ही स्वतः अडलेली बाई असतात, तरी तुम्हाला चटईच दिली असती."

बाकांवर हशा पिकला. तपासनिसांना तिथेच जागा करून दिली गेली आणि हाती कॉफी आली. त्यांनी इमारतीला बाहेरून एक फेरी मारली आणि परतल्यावर दखीलला विचारले, "मागचं दार नकाशात नाही. कोणी फोडलं?"

"मी."

"परवानगी?"

"नाही."

आतून एक बाळ रडले. त्याला दुसऱ्याने साथ दिली. मग एक नवाच, चिरका, संतापलेला आवाज उठला आणि दखीलला समोरचा माणूस दिसेनासा झाला. थोड्या वेळाने रबाब बाह्या वर सारलेल्या तशाच उंबऱ्यापर्यंत आल्या.

"मुलगी. दोघी सुखरूप आहेत. दखील, मला आणखी खाटा हव्यात. जागा कुठून काढतोस?"

तपासनिसांनी कॉफीचा पेला खाली ठेवला, खिशातून पेन काढले आणि दखीलला जवळ बसवून घेतले.

"दाराची रुंदी सांगा," ते म्हणाले, "नकाशात घालतो. आणि इमारत कोणत्या बाजूला वाढवता येईल, तेही सांगा."