आतल्या खोलीची वायर

"बाबा, मागे स्पष्ट छापलंय. दोन्ही खोल्यांतले स्पीकर एकदम लावायचे तर हे नवे चालणार नाहीत. भार जास्त झाला की रिसीव्हर जळेल."

मी जमिनीवर पालथी पडून त्या म्हाताऱ्या रिसीव्हरच्या पाठीवर टॉर्च मारत होते. हॉलमधल्या जुन्या स्पीकरचे पडदे कुजले, म्हणून मी हौसेने नवी जोडी आणली होती. रिसीव्हर बदलायचं नाव काढायची सोय नव्हती. बाबा एका ऑफिसात जन्मभर लिफ्टमन होते. नोकरी कायम झाली तेव्हा त्यांनी तो घेतलेला. त्याच्यावर धूळ म्हणून बसू द्यायचे नाहीत. बाबांनी माझे एवढे लाड केले असते तर मी पार वाया गेले असते, असं मी आईला म्हणायचे.

"मग काय करायचं?" बाबांनी विचारलं.

"आतली वायर काढून टाकू. दोन्ही इथेच लावू. मस्त वाजतील."

"आतली असू दे."

"आत कोण आहे ऐकायला?"

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबा हातातला स्क्रूड्रायव्हर उगाच फडक्याने पुसत राहिले.

आत आई होती, चार वर्षं. पक्षाघाताने तिची वाचा गेली तेव्हा बाबांनी तिच्या पलंगापर्यंत वायर नेली. संध्याकाळी गाणी लावायची आणि बाहेरून विचारायचं, "आवाज मोठा होतोय का गं?" आई पलंगाच्या दांडीवर चमचा आपटायची. एकदा म्हणजे कमी करा, दोनदा म्हणजे असू द्या. ती गेली त्याला आता वर्ष होईल. रिकाम्या खोलीत गाणी अजून वाजतात हे मला ठाऊक होतं. मला ते बघवत नव्हतं, म्हणूनच बहुधा तसं बोलले.

"एक इथे लाव, एक आत," बाबा म्हणाले.

"अहो, भार नाही वाढणार, पण असं नाही करत. या जुन्या गाण्यांत डावीकडचं वेगळं, उजवीकडचं वेगळं. गाणारी एका खोलीत आणि वाजवणारे दुसऱ्या. धड काहीच ऐकू येणार नाही तुम्हाला."

"गाणारी आत जाऊ दे."

मी निमूटपणे वायरची टोकं सोलली, हॉलमधला स्पीकर जोडला आणि दुसरा उचलून आत गेले. पलंगावर गादी गुंडाळून ठेवली होती. आईच्या हातून पडू नये म्हणून दांडीला दोऱ्याने बांधलेला चमचा तसाच लोंबत होता. मी स्पीकर लावला आणि "झालं" म्हणून हाक मारली.

बाबांनी गाणं सुरू केलं. खोलीभर फक्त बाईचा आवाज, साथीला काही नाही. बाहेर बाबा नुसती वाद्यं ऐकत बसले असणार, हे मनात आलं आणि मला रडू आवरेना.

"आवाज मोठा होतोय का गं?" बाहेरून प्रश्न आला.

तो मला नव्हता. मी उत्तर द्यायला उघडलेलं तोंड मिटलं. चमचा हातात घेतला आणि दांडीवर दोनदा आपटला.

बाहेर क्षणभर नुसती वाद्यं वाजत राहिली.

"बरं," बाबा म्हणाले, आणि खुर्ची सरकवून बसले.