सांगितलेलं आणि दिसलेलं

नर्सिंगच्या पोरी दुसऱ्या वर्षाला येईतो घोकंपट्टीत अशा तरबेज होतात, की झोपेतून उठवून विचारलं तरी पानावर दोन रकाने पाडून फरक स्पष्ट करतील. त्यातली साइन आणि सिम्प्टमची जोडी म्हणजे रुचिकाच्या हातचा मळ. मराठीत दोन्हींना लक्षण म्हणून आपण मोकळे होतो. इंग्रजीत तसं चालत नाही. पेशंट स्वतःच्या तोंडानं सांगतो ते सिम्प्टम: दुखतं, गरगरतं, मळमळतं. दुसऱ्याला दिसतं, हाताला लागतं, मशीनवर उमटतं ते साइन. या उत्तराला तिला पाचपैकी पाच मिळाले होते.

आईची तेरवी होऊन दोन दिवस झाले होते. कारंज्याच्या घरातून शेवटचे पाहुणे सकाळच्या एसटीनं गेले. रुचिकानं त्यांचे डबे भरून दिले, अंगण झाडलं, पातेली घासली. कुणी जेव म्हटलं की जेवायची, कुणी गळ्यात पडून रडलं की पाठीवरून हात फिरवायची. पण आत काहीच हलत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटायची.

दुपारी पुंजाजी, तिचे वडील, मळ्यातून आले. मेथी फुलावर गेली होती. रुचिकाची आई, चंदाबाई, असती तर तिनं ती अशी जाऊ दिली नसती. हातपाय धुऊन ते रुचिकाच्या बॅगेपाशी बसले आणि त्यांनी आतलं फॅमिली फोल्डर बाहेर काढलं.

"याच्यात तुह्या मायचं नाव हाये ना? दाखव बरं."

कॉलेजात प्रत्येकीला एका कुटुंबाची तपासणी करून हे फोल्डर भरावं लागतं. रुचिकानं दिवाळीच्या सुट्टीत घरचंच भरलं होतं. बाईंनी त्यावर लाल शाईनं 'व्हेरी गुड' लिहिलं होतं. आणि पुंजाजींनी पंधरा दिवस, बसायला आलेल्या प्रत्येकाला तेच ऐकवलं होतं: आमच्या पोरीनं घरीच तपासलं होतं, सारं नॉर्मल होतं. दरवेळी रुचिका पाणी आणायच्या निमित्तानं आत जायची.

तिनं पान काढून दिलं. इंग्रजी पुंजाजींना येत नव्हतं, पण आकडे येत होते. बीपी एकशेवीस, खाली ऐंशी.

"दवाखान्यात तं डॉक्टर म्हणे दोनशेवीस. तीन महिन्यात एवढं वाढते का? डोक्यातली नसच फुटली तिची." त्यांनी बोट सरकवलं. "हे दोन रकाने कायचे?"

"हा सांगायचा. पेशंटले काय होते ते त्यानंच सांगाचं. अन् हा आपुन पाह्याचा."

"मंग सांगायच्यात काय लिवलं?"

"निल. म्हंजे काईच नाई."

तिनं विचारलं होतं खरं. चंदाबाई भाकरी थापता थापता म्हणाली होती, "मले काय धाड भरली? लिव काई बी."

पुंजाजींचा चेहरा बदलला. "म्हंजे चूक तिचीच. डोकं दुखतच असन ना तिचं. आपल्या पोरीले बी सांगतलं नाई! जिंदगीभर तोंड शिवून राह्यली, अन् मले असं मधातच टाकून गेली." ते मेलेल्या बायकोवर चिडले होते, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला होता. रुचिकाला हे कळलं. आता गप्प बसलं तर निभावतं, हेही कळलं. दोष आईवर जाईल, आई काही बोलायला येणार नाही, आणि बाबा पोरीचं कौतुक करत राहतील.

"बाबा, मायचा रकाना खरा हाये," ती म्हणाली. "तिनं जे सांगतलं तेच लिवलं म्या. खोटा हा दुसरा हाये. माह्यावाला."

"काहून?"

"मशीन बॅगीतच होती. म्या लावलीच नाई. साऱ्या पोरी घरी बसून हेच आकडे टाकतात. म्या बी टाकले."

आपला आवाज वर्गात उत्तर देताना असतो तसाच निघतोय, याची तिला लाज वाटली.

पुंजाजींनी फोल्डर मिटून बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाले, "दिवाळीत तिनं जोडवे काढले होते. पाय सुजून बोटात रुतत होते म्हणून. पदराले बांधून फिरे. ते तं दिसलं असन तुले?"

"दिसलं."

"मंग?"

"फॅशन करून राह्यली का म्हणून हासली म्या तिले."