घाटात चरणारी गाडी

जालिंदरतात्या शोरूममध्ये आले ते थेट गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. गिऱ्हाईक सहसा आधी किंमत विचारतं, मग सोफ्यावर बसून एसीची हवा खातं आणि घरी विचारून सांगतो म्हणून निघून जातं. तात्यांनी गाडीच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि ती दचकते का ते पाहिलं. गाडी दचकली नाही. मी दचकलो.

दचकायला कारण होतं. महिन्याचा शेवटचा दिवस होता, आणि आमचे मॅनेजर केदारसर यांनी सकाळीच सांगितलं होतं, "तुषार, आज एक गाडी गेली पाहिजे. नाहीतर तू." सर वाक्य पूर्ण करत नाहीत, पण कळतं. माझा उजवा पाय तेव्हापासून आपोआप हलत होता.

"दाती किती?" तात्यांनी विचारलं.

"काय?"

"वय रं. दातावरून कळतं ना."

तात्या देवळाली प्रवऱ्याचे. उभी हयात बैल पारखून घेण्यात आणि विकण्यात गेलेली. आता बैल फारसं कुणी घेत नाही, म्हणून ते इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायला आले होते. छोटी, परवडणारी. पद्धत मात्र त्यांच्याकडे एकच होती.

"बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे," मी म्हणालो.

"म्हंजे तरणा हाय." त्यांनी चारही टायर पायानं ढोसले. "आता खोड सांग."

आमच्या ट्रेनिंगमध्ये खोड हा धडा नव्हता. "एकही नाही तात्या," मी शिकवल्याप्रमाणे हसून म्हणालो.

"चल आक्का."

आक्काबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिच्या हातात नुकताच चहाचा कप आला होता. "च्या तर पिऊ दे की रं."

"खोटारड्याचा च्या कशाला? बिनखोडीचं जनावर अजून जन्माला यायचंय. ज्याला इकायचंय त्यानं आपल्या तोंडानं खोड सांगायची असती, न्हाईतर सौदा व्हत न्हाई."

ते दाराशी पोचले तेव्हा काचेच्या केबिनमधून केदारसर माझ्याकडे बघत होते. मी धावलो. "तात्या, चला, चालवून बघा. खोडी वाटेत सांगतो. सगळ्या."

आमची नेहमीची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सावेडीत एक चक्कर. तात्यांनी ती ऐकूनच घेतली नाही. ओझ्याशिवाय चाल कळत नाही, असं म्हणून त्यांनी मार्केटातनं घेतलेली पेंडीची पोती डिकीत टाकायला लावली. मागच्या सीटवर आक्काबाई. आणि निघायचं विळद घाटात.

मी बटण दाबलं. आक्काबाई वाट बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "सुरू कर की बाबा."

"सुरू आहे मावशी."

"कुठं?"

मी पाय ठेवला. या गाडीला गिअर नाहीत, घुमणं नाही, दम घेणं नाही. पाय ठेवला की सीट मागून येऊन पाठीला भिडते. "आगं बया!" आक्काबाईची पिशवी खाली पडली आणि लिंबं गाडीभर फिरायला लागली. तात्या पुढं बघत नुसते "हं" म्हणाले. मी तो हं चांगला की वाईट याचा विचार करत मनमाड रोडला लागलो. खिशात मोबाईल थरथरत होता. सरच असणार. माझा पाय हलत होता, पण तो ॲक्सिलरेटरवर असल्यामुळे गाडीपण हलत होती.

"हिसके देतोय," तात्या म्हणाले. "ही एक खोड."

"ही माझी आहे."

"बरं. त्याच्या सांग."

मग मी सांगितल्या. हायवेला जोरात पळवली की कंपनी म्हणते तेवढं अंतर जात नाही, बरंच आधी संपते. खाली बॅटरी असल्यामुळे मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात.

"माझं कवाच आल्यात," आक्काबाई मागून म्हणाली.

रस्त्यावरचे चार्जर कधी चालू असतात, कधी नुसते उभे असतात. हे सगळं बोलताना मला आतून विचित्र मोकळं वाटत होतं आणि बाहेरून नोकरी गेल्यासारखं.

पुढं मेंढरांचा कळप आडवा आला. डिझेलचा टेम्पो असता तर आवाजानंच पांगला असता. आमची गाडी अगदी जवळ गेली तरी एकाही मेंढरानं मान वळवली नाही. एकानं तर बंपरला अंग घासलं. "जनावरात मिसळतोय," तात्या म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

घाटाचा उतार लागला. मी पाय उचलला आणि गाडी आपसूक मंदावली.

"थांबला का? मधीच बसनारा, बसका हाय का काय?"

"नाही तात्या. पाय काढला की मोटर उलटी वीज तयार करते आणि बॅटरीत भरते. म्हणून वेग कमी होतो. हा आकडा बघा."

तात्यांनी चष्मा लावला. पडद्यावरचा चार्जचा आकडा एकानं वाढला. ते घाट संपेपर्यंत आकड्याकडेच बघत राहिले. मग मागं वळून अतिशय हळू आवाजात म्हणाले, "आक्का, ह्यो चालता चालता चरतोय."

"व्हय?" आक्काबाई पुढं वाकली. "काय खातोय?"

"उतार."

परत वर चढताना चरलेलं सगळं गेलं, वर आणखी थोडं गेलं. तात्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. चढाला खर्च व्हायचाच. ओझं असून गाडी एकदाही दमली नाही, एवढं त्यांनी पाहिलं होतं. शोरूमच्या दारात उतरताना ते म्हणाले, "घेतला."

मी केबिनकडे पळत गेलो. केदारसर उठून बाहेर आले, हात जोडले, आणि यार्डातली नवीकोरी गाडी दाखवली. त्याच रंगाची.

"ही कोन?" तात्या म्हणाले.

"आपली गाडी. सेम मॉडेल."

"हिला मी बगितली न्हाई. ज्याला जोखला त्योच घेनार."

"काका, ती डेमोची आहे. रोज चार लोक चालवतात."

"म्हंजे कामाचा हाय."

सरांनी खूप समजावलं. नव्या गाडीलापण घाटात ने म्हणाले तात्या, पण तिला अजून नंबर नव्हता. शेवटी सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वर मालकांना फोन केला आणि आवाज नसलेल्या माणसासारखे म्हणाले, "घेऊन जा." दारांवर मोठ्या अक्षरात टेस्ट ड्राइव्ह लिहिलं होतं. मी ते खरडायला गेलो तर तात्यांनी थांबवलं. "राहू दे. नाव हाय त्याचं."

कागद पुढं केले तर तात्यांनी पेन घेतलं नाही. "सही घरी. नवं जनावर दावणीला जाऊन खाल्लं की सौदा पक्का. न्हाई खाल्लं तर सकाळी परत. आन् हा गडी संगं पायजे, वळखीचा."

"जा," केदारसर मला म्हणाले. "इथं आता तुला चालवायला काही नाहीच."

देवळाली प्रवऱ्यात आम्ही ऊन कलताना पोचलो. गोठ्यात एक जागा झाडून ठेवली होती. शेजारी दोन म्हशी. मी चार्जर काढून पिन लावली. लाल दिवा. काढली, परत लावली. लाल.

"खाईना," तात्या म्हणाले.

"खाईल." मी दुसरं सॉकेट बघितलं. लाल. माझ्या लक्षात आलं, अर्थिंगच लागत नाहीये. ही गाडी त्याबाबतीत फार सोवळी, अर्थिंग नसेल तर घासाला शिवत नाही. भिंतीपाशी अर्थिंगची तार पुरलेला खड्डा होता, पार खडखडीत वाळलेला. मोबाईल परत थरथरला. "सही?" एवढाच मेसेज.

तेवढ्यात आक्काबाई हळदीकुंकू आणि पाण्याची बादली घेऊन आली. "आल्या जनावराचं पाय धुवायच्या आधी कुनी खायाला घालतं का रं? गाढवांनो!" तिनं चारी टायरांवर पाणी ओतलं, बॉनेटला कुंकू लावलं. पाणी टायरावरून फरशीवर आलं, उतारानं भिंतीकडे गेलं आणि खड्ड्यात शिरलं. बराच वेळ मुरत राहिलं.

मी परत पिन लावली. दिवा हिरवा झाला.

"बग!" आक्काबाई म्हणाली आणि रिकामी बादली घेऊन आत गेली.

तात्यांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मला राहवलं नाही. मी त्यांना हळूच सांगितलं की हे पाय धुण्यानं नाही, अर्थिंग ओलं झाल्यानं झालं. उद्या वायरमन बोलवा, मीठ-कोळसा घालून खड्डा नीट भरून घ्या.

"बोलावतो. आक्काला काय सांगू नको, लई खूश हाय." मग त्यांनी खड्ड्याकडे बघितलं. "आन् आज वाळला तर?"

तर लाल. मी रांजणातलं पाणी घेऊन खड्ड्यावर हात धुतले. थोड्या वेळानं परत धुतले. जेवायच्या आधी धुतले, भाकरी अर्धी झाल्यावर उठून धुतले, ठेच्यानंतर धुतले. प्रत्येक वेळी येताना दिव्याकडे बघत होतो. केदारसरांना सहीचा फोटो पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला, आणि खाली लिहिलं की नवी डेमो गाडी आली की कळवतो, तेव्हा ये. कधी, ते नाही. मी उठलो आणि हात धुतले.

आक्काबाई परातीवरून माझ्याकडे बघत होती. "जालिंदर," ती म्हणाली, "ह्ये पोरगं चांगलं हाय, पन ह्याला काय खोड हाय का रं?"

"हाय," तात्या भाकरी मोडत म्हणाले. "पानी जास्त लागतं. ऱ्हाऊ दे इथंच चार दिस."