दहा नंबरचा पाना

भाऊसो मेस्त्रीने स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनरची वायर खुपसली आणि पडद्यावर पुन्हा तेच उमटलं: दोष नाही.

रेश्माने कपाळावर हात मारला. काल मायणीच्या चढावर, भर उन्हात गाडी बंद पडली होती. तेव्हा लागलेला पिवळा दिवा तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

“बघ,” सासरे उदयसिंह म्हणाले, “दोष गाडीत न्हाई, चालवणारात हाय. दोष न्हाई निघाला तर किल्ली द्यायची ठरलंय, तवा दे. उद्यापास्नं एस्टीनं जा.”

उदयसिंहांनी फौजेत उभी हयात ट्रक हाकलेले, गाडीच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा. नवरा तिकडे लडाखला. दवाखान्यातली तिची ड्यूटी सुटेपर्यंत शेवटची एस्टी निघून गेलेली असायची. गाडी गेली की नर्सची नोकरीही गेलीच. आणि इंजिनाची नाडी धरून बसलेला गाडीतला हा कॉम्प्युटर नेमका तिच्या वेळेला तोंडात मिठाची गुळणी धरत होता. तिला त्याचा भयंकर राग आला.

“आवं मेस्त्री, दिवा लागला की त्यो कॉम्प्युटर बिघाडाचा नंबर साठवून ठेवतो म्हणला व्हता ना तुमी?”

“ठेवतो की.” मेस्त्री पडदा सरकवत होता, तो थांबला. “पर वैनी, ह्याची मेमरी पुसल्यापास्नं गाडी अकराच किलोमीटर चाललीया.”

घरापासून गॅरेजपर्यंतचं अंतर तेवढंच होतं.

“बॅटरीची वायर काढली की ह्याच्यातलं समदं पुसतंय. कोण काढतंय का?”

रोज रात्री, ती कामावरून येऊन भाकरी थापत असताना, अंगणात बॉनेट वाजायचं. रेश्माला हसावं की रडावं कळेना.

“आबा,” ती म्हणाली, “तुमी.”

“गाडी उभी केली की बॅटरी तोडायची, सकाळी जोडायची. शिस्त हाय ती फौजेची,” उदयसिंह म्हणाले. पण आवाज नेहमीसारखा चढला नाही. किल्लीसाठी पुढे केलेला हात त्यांनी खिशात घातला.

त्या रात्री बॉनेट वाजलं नाही. सकाळी रेश्मा किल्ली घ्यायला गेली, तर किल्लीच्याच खिळ्याला बॅटरीची वायर सोडायचा दहा नंबरचा पाना अडकवलेला.

“त्यो बी घिऊन जा,” उदयसिंह पेपरातून मान वर न करता म्हणाले. “हाताला सवय हाय माझ्या.”

मायणीच्या चढावर गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली. पिवळा दिवा लागला. रेश्माने गाडी कडेला लावून फोन केला.

“आबा, गाडी बंद पडली.”

“बरं झालं,” उदयसिंह म्हणाले. “नंबर हाय तसा ऱ्हाऊ दे, कशाला हात लावू नगंस. मेस्त्रीला घिऊन आलोच.”