दोन सारखे तुकडे

काकूंना कशाची भीती वाटते, असं गल्लीत कुणालाही विचारा, उत्तर मिळणार नाही. त्यांच्या शिलाईच्या दुकानातला कॉम्प्युटर आचके द्यायला लागला तेव्हा दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि चेहरा पाडून सांगितलं, दोन आठवडे ठेवा, पण आत जे आहे त्याची हमी नाही. काकूंनी त्याच्यासमोरचे स्क्रू गोळा केले, डबा काखोटीला मारला आणि आपलं दुकान गाठलं.

आत जे होतं ती मास्तरांची तीस वर्षं होती. मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. एक खांदा उतरलेला कारकून, पाठीला बाक आलेली शिक्षिका, पोट सुटलेला बेकरीवाला, अशा कितीतरी अंगांचे पॅटर्न त्यांनी हाताने कागदावर काढले होते. काकूंनी ते एकेक करून कॉम्प्युटरमध्ये चढवले आणि जागा खातात म्हणून कागद रद्दीत घातले. पुढे मास्तर आजारी पडले, उजवा हात थरथरायला लागला आणि त्यांनी कटिंगच्या टेबलाकडे जी पाठ फिरवली ती फिरवलीच. आता ते दुकानाच्या दाराशी बसून बटणं निवडायचे. पॅटर्न गेले तर पुन्हा काढणारं कुणी नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

जुनी सिस्टिम सुरू व्हायची, पंधरा मिनिटं चालायची आणि मान टाकायची. नवी घालावी तर पेनड्राइव्ह लावायच्या जागा जळलेल्या, सीडी तर आतच घेत नव्हता. सुनेने विचारलं, मग घालणार कुठून? काकू म्हणाल्या, त्याच्याच पोटातून. हार्डडिस्कच्या टोकाला कोरी उरलेली पट्टी होती, तिच्यात त्यांनी आठ जीबीचा एक छोटा भाग वेगळा काढला, सुनेच्या लॅपटॉपवरून वायरने नव्या सिस्टिमच्या फाइली चार खेपांत त्यात आणल्या आणि यापुढे या भागातूनही सुरू व्हायचं, असं कॉम्प्युटरला शिकवलं. पॅटर्नही असेच बाहेर काढता आले असते, पण सुनेच्या लॅपटॉपमध्ये तेवढी जागाच नव्हती.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी काकूंनी पदर खोचला आणि बटण दाबलं. छोट्या भागातून कॉम्प्युटर गुणी मुलासारखा सुरू झाला. भाषा विचारली, वेळ विचारली, आणि मग विचारलं, नवी सिस्टिम कोणत्या भागात घालू? तिथलं सगळं पुसलं जाईल.

समोर छोटा भाग सोडून दोन भाग दिसत होते. नावं नाहीत, नुसते आकडे. एकात जुनी सिस्टिम, दुसऱ्यात पॅटर्न. दोन्ही दोनशे चाळीस जीबीचे, दोन्ही गळ्यापर्यंत भरलेले.

काकूंनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या कुणी एक भाग लहान ठेवला असता, एक मोठा. काकूंनी मात्र डिस्क आणली त्या दिवशी कापड दुमडून मधोमध कापावं तशी ती कापली होती, एका सुताचाही फरक न ठेवता. उलट तेव्हा मास्तरांना बोलावून मिरवलंही होतं.

पहिला भाग सिस्टिमचाच असणार, असं सून म्हणाली. काकूंना ते पटत होतं, पण ‘असणार’वर कात्री चालवायची नसते. त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला.

दाराशी बसलेले मास्तर बटणं खाली ठेवून आत आले. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

“दोन बाह्या सारख्याच दिसतात तेव्हा काय करतेस?”

“मागच्या बाजूला कात्रीची बारीक खूण करते.”

“मग?”

काकू हसल्या. त्यांनी सगळं रद्द केलं आणि जुनी सिस्टिम सुरू केली. तिच्या हातात पंधरा मिनिटं होती, काकूंना नऊ पुरली. त्यांनी जुन्या सिस्टिमच्याच भागातून तीन जीबी कापून काढले. तो भाग तसाही टाकायचा होता, तेव्हा खूण करताना हात चुकला तरी पॅटर्नना धक्का नव्हता. पुन्हा छोट्या भागातून सुरू केलं. यादीत एक भाग दोनशे सदतीसचा होता, दुसरा दोनशे चाळीसचा. काकूंनी आखूड भाग निवडला आणि बेधडक पुढे गेल्या.

दुपारी जेवणं उरकेपर्यंत नवी सिस्टिम उभी राहिली. पॅटर्न जागच्या जागी होते, एकूण एक. काकूंना भरून आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही, खुशाल डोळे पुसले. मग बेकरीवाल्याचा कोट उघडला.

मास्तर वाकून बघत होते. “बाही जोडायचा मुंढा चुकलाय,” ते म्हणाले. “तेव्हाच खटकलं होतं मला. त्याला हात वर करता यायचा नाही.”

“अहो, दहा वर्षं घालतोय तो.”

“बिचारा. पाव इंच वर घे.”

काकूंनी रेघ वर घेतली. मास्तरांनी मान हलवली, जास्त झालं म्हणाले, अर्धी परत घ्यायला लावली. मग ते कटिंगच्या टेबलापाशी गेले, त्याखालचं स्टूल ओढून आणलं आणि काकूंच्या शेजारी बसले.

“आता त्या शिक्षिकेचा उघड,” ते म्हणाले. “तिची पाठ आणखी वाकली असेल. नवा काढू. मी सांगतो, तू रेघ मार.”