ओस्टरलोचं नाक

जर्मनीतल्या लान नदीकाठच्या एका विद्यापीठाच्या गावात रसायनशास्त्रज्ञ गेबहार्ट ओस्टरलोचा ब्राँझचा पुतळा आहे. अंग काळं पडलंय, नाक मात्र लखलखीत. परीक्षेला जाणारं प्रत्येक पोर ते चोळून जातं. कोणालाही विचारा, या नाकानं एकदा शेकडो पोरांचे जीव वाचवले असं तो सांगेल. गोष्ट लोकांना आवडली की ती खरी होऊन बसते, त्याला इलाज नाही. ओस्टरलोच्या बायकोला, मेख्टिल्डला, या नाकाची जन्मभर धास्ती होती.

त्या संध्याकाळी पोरं मशाली पेटवून निघाली होती. प्रोफेसरांच्या शिकवण्याला पंचवीस वर्षं झालेली. रिवाजाप्रमाणे मिरवणूक दारी यायची, गाणी व्हायची आणि शेवटी सगळ्या मशाली अंगणात एका ढिगात फेकून जाळायच्या. समारंभासाठी प्रयोगशाळेला चुना लागत होता. रंगाऱ्यांवर भरवसा नाही म्हणून ओस्टरलोनं ईथरच्या मोठमोठ्या बाटल्या घराच्या तळघरात आणून ठेवल्या होत्या. तळघराची खिडकी नेमकी त्याच अंगणात उघडायची.

मेख्टिल्ड पाहुण्यांसाठी वाइन काढायला जिना उतरली आणि अर्ध्यावरच थिजली. गोडसर, डोकं जड करणारा वास. नशीब, अजून उजेड होता, म्हणून हातात दिवा नव्हता. रसायनवाल्याशी संसार केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. ईथरची वाफ जमिनीलगत सरपटत जाते आणि लांबच्या ठिणगीलासुद्धा गाठते. ती स्वयंपाकघरात धावली आणि उकळत्या सूपचं अख्खं पातेलं चुलीत ओतून तिनं विस्तव विझवला. मोलकरीण आ वासून बघत राहिली. तिला शेजारी पिटाळून मेख्टिल्ड माडीवर गेली.

ओस्टरलो आरशासमोर गळपट्टा बांधत होता.

“अहो, तळघरात बाटली फुटलीय. दुपारी तुम्ही खाली गेला होतात ना?”

“गेलो होतो. सगळं ठीक होतं,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला.

ज्या द्रव्याला जगानं त्याचं नाव दिलं, त्याच द्रव्यानं त्याचं नाक आतून जाळलं होतं. नासका हेरिंग मासा त्यानं मिटक्या मारत खाल्ला, तेव्हाच मेख्टिल्डच्या ध्यानात आलं होतं. नुसतं हुंगून पदार्थ ओळखणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याला आता शेण आणि अत्तर सारखंच. कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ त्यानं तिला घातली होती.

“खिडकीतून ओरडा. तुमचं ऐकतील.”

“आणि सांगू काय? मी तिथंच उभा होतो आणि मला कळलं नाही, हे सांगू? उद्या माझ्या हाताखाली कोण शिकेल, मेख्टिल्ड?”

तो पलंगावर बसला. गाण्याचे सूर कोपऱ्यावर आले होते. नवऱ्याचा इतका संताप तिला कधी आला नव्हता, पण भांडायला वेळ कुठे होता? ती पळत सुटली.

फाटकाशी मिरवणूक पोचलीच होती. पुढे पोरांचा म्होरक्या, गालावर द्वंद्वातल्या तलवारीचा वण मिरवणारा वेंडेलिन. त्याच्या मशालीतून डांबराचे जळते थेंब गळत होते.

“प्रोफेसरीणबाई, बाजूला व्हा,” तो हसत म्हणाला, “नाहीतर तुमचीच मिरवणूक काढू.”

तिनं फाटकाला पाठ लावली. खरं जिभेवर आलं होतं. मग तिला माडीच्या खिडकीत नवरा दिसला, आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

“माझ्या हातून ईथरची बाटली फुटली. मी वेंधळी आहे. मागे फिरा, पोरांनो, नाहीतर सगळे मराल.”

वेंडेलिनचं हसू विरलं, तरी त्याला पटेना. त्यानं मान वर करून पाहिलं. ओस्टरलोनं दोन्ही हातांनी चौकट धरली होती.

“ती म्हणते ते खरं आहे,” तो वरून म्हणाला. “मला इथपर्यंत वास आला. म्हणून तर तिला खाली धाडलं.”

मशाली नदीवर नेऊन विझवल्या. विझवता विझवता पोरांनी त्या नाकाचा जयजयकार केला. तो मेख्टिल्डला अंगणात ऐकू आला, तेव्हा ती भिंतीला टेकून ओकत होती.

नाकाची कीर्ती बर्लिनपर्यंत गेली. वेंधळ्या बायकोचीही गेली. ते तिनं सोसलं. पण पुढच्या हिवाळ्यात ती बाजारातून परतली, तर ओस्टरलो तळघरात बाटल्या उतरवून घेत होता.

“अहो, पुन्हा इथं?”

“घाबरतेस काय?” त्यानं तिची पाठ थोपटली. “एवढीशी गळती झाली तरी मला वास येतोच की. त्या दिवशी नाही का आला?”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो थट्टा करत नव्हता.

मेख्टिल्ड स्वयंपाकघरात गेली आणि तिनं चूल विझवली.