सात नंबरचं मशीन

गेटबाहेर बसलेले आम्ही तीनशे जण, मोटारींचे दरवाजे ठोकणारे. कंपनीला यंदा दुप्पट नफा झाला, साहेबांनी पेढे वाटले. आम्ही पगारवाढ मागितली तर म्हणे मंदी आहे! संपाच्या बेचाळिसाव्या दिवशी कळलं, कोकणातल्या आमच्याच तोंडवलीचा सत्यवान ठेकेदार आमच्या जागी गावातून माणसं भरून नेतोय. मिळेल ती एसटी धरून मी पुण्याहून गाव गाठलं.

देवळासमोर गाडी उभी होती. निघणाऱ्यांसाठी गुरव गाऱ्हाणं घालत होता आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. त्यांत माझा सख्खा धाकटा भाऊ देवेश, हातात नारळ घेऊन. माझं डोकंच फिरलं. चिरा उचलला आणि गाडीची काच फोडली. सत्यवान आडवा आला, त्याचं नाक फोडलं. मग त्याच्या माणसांनी मला खाली पाडून लाथांनी तुडवलं. बरगडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

देवेशनेच मला ओढून काढलं. "गुरुदादा, दोन म्हयने मासो गावलो नाय. पोटाक काय घालू?"

खरंच होतं त्याचं. पण माल भराभर निघावा म्हणून कंपनीने सात नंबरच्या प्रेसचा सेन्सर काढून ठेवला होता. हात आत असला तरी ते मशीन खाली येतं. नवख्याला तिथेच उभं करणार, हे मला ठाऊक होतं. नीट सांगायचं सोडून मी ओरडलो, "सात नंबरार हात घातलंस तर तुटान पडतलो!"

गाऱ्हाणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"देवाच्या दारात माका सराप देतस?" देवेशने हातातला नारळ माझ्या कपाळावर हाणला.

सेन्सर, एवढा एक शब्द पुरला असता. पण रक्त डोळ्यांत आलं होतं, आणि माझा राग तुम्हाला माहीत नाही. "व्हय, देतंय!" मी म्हणालो. देवेशला घेऊन गाडी गेली.

मी बरगडी बांधून घरीच पडून होतो, चौथ्या दिवशी युनियनचा फोन आला. सात नंबरवर देवेशचा उजवा हात मनगटापासून गेला होता. गेटवर पत्रकार जमले होते, साहेब बोलणी करायला तयार झाले होते.

आई ऊर बडवायला लागली. "तुझ्याच जिभेन खाल्ल्यान रे तेचो हात!" देवेशची बायको प्राजक्ता जळण तोडत होती, ती कोयता घेऊनच अंगावर आली. कोयता खांद्यात रुतला. मी सेन्सरचं ओरडून सांगत होतो, पण ऐकतंय कोण!

शाप वगैरे काही नसतं, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगेन. पण साहेब तयार झाले हे ऐकताच मी मूठ आवळून ‘जिंकलो!’ म्हणालो होतो, आणि प्राजक्ता तेव्हा समोरच बसली होती.